परदेशी जाताना मुलांची शाळा: सातारा सोडण्यापूर्वी काय ठरवावे

साताऱ्यात घर गोडोलीत असो वा करंज्यात, स्कूल व्हॅन दारात येते, त्यामुळे घर आणि शाळा हे आपल्याकडे दोन वेगळे निर्णय असतात. परदेशातील सरकारी शाळांच्या बाबतीत मात्र बहुधा घराचा पत्ताच शाळा ठरवतो. म्हणून भाडेकरारावर सही करण्यापूर्वी त्या पत्त्याला कोणती शाळा येते आणि आपल्या मुलाच्या वर्गात जागा आहे का, हे तेथील प्रवेश कार्यालयाला ईमेलने विचारून घ्यावे. इंग्लंडमध्ये रिसेप्शन (‘इयर वन’च्या आधीचा, शाळेतला पहिला वर्ग) आणि त्यापुढील दोन वर्गांत एका शिक्षकामागे 30 मुलांची कायदेशीर मर्यादा असल्याने अगदी समोरची शाळाही जागा नाकारू शकते, आणि सप्टेंबरच्या प्राथमिक प्रवेशाची मुदत आदल्या 15 जानेवारीलाच संपलेली असते. दुबईत हा प्रश्न वेगळा आहे: भारतीय कुटुंबांची मुले साधारणपणे खासगी शाळांत जातात, तेव्हा शाळेची फी कंपनी भरणार की आपण, हे ऑफर लेटर स्वीकारण्याआधीच लेखी घ्यावे.

इयत्तेचा हिशेब देशागणिक बदलतो. ऑक्टोबर 2020 मध्ये जन्मलेले मूल साताऱ्यात जून 2026 मध्ये पहिलीत बसते, कारण महाराष्ट्रात 31 डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणे पुरते. तेच मूल इंग्लंडमध्ये रिसेप्शनचे वर्ष संपवून त्याच सप्टेंबरमध्ये ‘इयर वन’मध्ये जाते, तर जर्मनीत त्याची पहिली साधारणपणे 2027 मध्ये सुरू होते आणि तोवर ते किंडरगार्टनमध्ये खेळत असते. आजी-आजोबांना हे वर्ष वाया गेल्यासारखे वाटते. माझ्या मते तसे मुळीच नाही. नवी भाषा कानावर पडण्यासाठी लेखनाचा ताण नसलेले वर्ष मिळणे ही सोयच आहे, आणि ओळखी काढून मुलाला वरच्या वर्गात ढकलण्याचा खटाटोप करू नये.

शाळेचा प्रकार निवडताना निर्णायक प्रश्न एकच: परत कधी यायचे? दोन-तीन वर्षांत परतणे नक्की असेल आणि भारतीय अभ्यासक्रमाची शाळा आवाक्यात असेल, तर ती घ्यावी. मुक्काम अनिश्चित असेल आणि मूल आठ वर्षांच्या आतले असेल, तर परिसरातील साधी सरकारी शाळा मला अधिक योग्य वाटते, कारण शेजारची मुले तिथेच भेटतात आणि भाषा वर्गापेक्षा मैदानावर लवकर येते. मात्र परतल्यावर सहावीला सातारच्या सैनिक शाळेचा विचार असेल, तर प्रवेशाच्या वर्षी 31 मार्चला वय 10 ते 12 असावे लागते, हे ध्यानात ठेवून परतीचे वर्ष मोजावे.

शाळा पाहताना इमारतीपेक्षा तेथील भाषासाहाय्याची चौकशी करावी. इंग्रजी किंवा जर्मन न येणाऱ्या मुलासाठी स्वतंत्र शिक्षक आठवड्यातून किती तास येतो, जेवणात शाकाहारी पर्याय आहे का आणि शाळा सुटल्यावर मूल थांबू शकते का, याची उत्तरे आई-वडील दोघेही नोकरी करणार असतील तर निकालाच्या टक्क्यांपेक्षा मोलाची ठरतात.

कागदपत्रांचे काम सर्वांत आधी सुरू करावे. नगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर मुलाचे नाव नोंदवलेले आहे ना, आणि आई-वडिलांच्या नावांचे स्पेलिंग पासपोर्टशी जुळते ना, हे पाहावे. दुरुस्तीला वेळ लागतो. शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतिपुस्तक इंग्रजीत मागून घ्यावे, तेही मेच्या सुट्टीपूर्वी, कारण नंतर मुख्याध्यापकांची सही मिळणे कठीण. परदेशी कागदपत्रे मान्य करण्याबाबतच्या हेग करारातील बहुतेक देशांसाठी अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचे सरकारी प्रमाणन, पुरते; जर्मनीसाठी मात्र तेथील दूतावासाला विचारून घ्यावे. दुबईसाठी दूतावासाचे साक्षांकनही लागू शकते.

लसीकरणाच्या कार्डाकडे फारसे कोणी पाहत नाही. जर्मनीत मार्च 2020 पासून शाळाप्रवेशाला गोवर लसीचा पुरावा सक्तीचा आहे. अमेरिकेत बहुतेक राज्ये गालगुंड आणि कांजण्यांच्या लसीही मागतात, ज्या आपल्या सरकारी लसीकरणात दिल्या जात नाहीत. त्या खासगी बालरोगतज्ज्ञांकडून घ्याव्या लागतात, आणि दोन डोसांमध्ये ठरावीक अंतर लागत असल्याने तिकिटे काढण्यापूर्वीच डॉक्टरांकडून तारखा लिहून घ्याव्यात.