खर्च वाचवायचा तर सुरुवात पालेभाजीपासून

घरी कुंडीत पिकवलेल्या भाजीत पैसे वाचतात ते पालेभाजीत. टोमॅटोला पंधरा-वीस लिटरचं भांडं, आधाराला काठी आणि रोज सहा तास ऊन लागतं. पालक आणि कोथिंबीर चार तासांच्या उन्हात, वीतभर खोल डब्यातही येतात. कुंड्या विकत घेतल्या की बचत तिथेच संपली. जुना टब किंवा डबा चालेल; डबा रंगाचा नको, खाण्याच्या वस्तूंचा हवा. तळाला बोटाएवढी पाच-सहा भोकं मात्र हवीतच.

डब्यात भरायला दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). स्वयंपाकघरातला ओला कचरा थेट मातीत घालू नका. तो कुजताना तापतो, मुळं भाजतात आणि चिलटं होतात ती वेगळीच.

धणे हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, एक सेंटिमीटर खोल पेरा. कोंब यायला आठ-दहा दिवस, कधी जास्तही लागतात, उकरून पाहू नका. पालक साधारण महिन्याभरात काढणीला येतो. बाहेरची पानं खुडा, मधला कोंब राखा. मग तेच रोप आणखी दोन-तीनदा भाजी देतं.

रोपं मरतात ती बहुधा जास्त पाण्याने. बोट दोन पेरं मातीत खुपसा; ओल लागली तर पाणी नको. पानं पिवळी पडली की लोक आणखी पाणी घालतात, आणि कुजलेली मुळं पुरती जातात. दर पंधरा दिवसांनी थोडं बी पेरत राहिलात तर भाजी एकदम न येता पुरवून येते.