मांसासाठी पाळलेल्या उस्मानाबादी शेळ्यांचा कळप कसा सांभाळावा

धाराशिव, लातूर, सोलापूर या पट्ट्यात उस्मानाबादी शेळ्या पाळणाऱ्या शेतकऱ्याला कळप केवढा आहे असे विचारले, तर तो शेळ्यांची संख्या सांगतो. मांसासाठीच्या कळपात मात्र विकले जाते ते करडू; म्हणून वर्षभरात एका शेळीमागे किती करडे दूध तुटेपर्यंत, म्हणजे साधारण तीन महिन्यांपर्यंत, जगली हा आकडा धरावा आणि बाकीची कामे त्या आकड्यासाठी करावीत.

पहिले काम नोंदवहीचे. प्रत्येक जनावराच्या कानात क्रमांकाचा बिल्ला मारावा आणि वहीत बोकड दाखवल्याची तारीख, व्याल्याची तारीख, करडांची संख्या, त्यांचे जन्माचे व तीन महिन्यांचे वजन लिहावे. ही जात जुळ्या करडांसाठी ओळखली जाते. तेव्हा चांगला खुराक मिळूनही लागोपाठ दोन वेतांत एकच करडू देणारी किंवा करडे न पोसणारी शेळी विकून टाकावी, मग ती दिसायला कितीही देखणी असो.

बोकड आणि हंगाम. पंचवीस ते तीस शेळ्यांना एक बोकड पुरतो. तो शक्यतो जुळ्यांतला निवडावा आणि दर दोन वर्षांनी बदलावा, कारण तोवर त्याच्याच लेकी माजावर येऊ लागतात. शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा असल्यामुळे मे-जूनमध्ये भरवलेली, म्हणजे बोकड दाखवलेली, शेळी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, चारा मुबलक असताना, विते. फेब्रुवारी-मार्चमध्ये भरवल्यास करडे ऐन पावसाळ्यात ओल्या गोठ्यात येतात. बकरी ईदसाठी बोकड तयार करणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि कुर्बानीच्या बोकडाचे वय एक वर्षाहून कमी चालत नाही.

खुराक. शेळी भरवण्याआधी दोन-तीन आठवडे रोज २०० ते २५० ग्रॅम मका भरडा व पेंड यांचे मिश्रण द्यावे. त्याने जुळ्यांची शक्यता वाढते. गाभणकाळाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत पोटातल्या करडाची बहुतांश वाढ होते, त्यामुळे तेव्हाही खुराक वाढवावा. तुरीचे किंवा हरभऱ्याचे भुसकट, शेवरी आणि क्षारमिश्रण नेहमी असावे. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशाहून अधिक नको. कोणताही बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करावा. एकदम धान्य पोटात गेले तर शेळी दगावू शकते.

व्यायल्यानंतरचा पहिला तास. करडाचे नाक-तोंड पुसावे, नाळ दोन इंच ठेवून निर्जंतुक ब्लेडने कापावी व टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. अर्ध्या तासात चीक पाजावा आणि पहिल्या दिवसभरात करडाच्या वजनाच्या एक दशांश चीक पोटात जाईल असे पाहावे, म्हणजे दोन किलोच्या करडाला सुमारे २०० मिलिलिटर. जार (वार) पडायच्या आधी करडाला चीक पाजू नये अशी जुनी समजूत अजून काही घरांत आहे. ती पाळल्याने करडे मरतात.

जंत. सबंध कळपाला ठरावीक तारखेला औषध पाजण्याची सवय सोडणे, हे माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे. पावसाळ्यात रक्त शोषणारा जठरातला जंत सर्वाधिक नुकसान करतो. त्यासाठी दर दोन-तीन आठवड्यांनी शेळीची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग उजेडात पाहावा. लाल असेल तर शेळी ठीक आहे. फिकट गुलाबी किंवा पांढरट असेल, अथवा जबड्याखाली सूज असेल, तर वजन करून पशुवैद्यकाने सांगितलेली पूर्ण मात्रा द्यावी. दक्षिण आफ्रिकेत रूढ झालेल्या या पद्धतीचे कारण असे की सगळ्यांना औषध पाजले, की औषधाला न जुमानणारे जंत तेवढे उरतात आणि त्यांचीच वीण वाढते. हगवण घडवणारे इतर जंत पापणीवरून कळत नाहीत. त्यासाठी दवाखान्यात लेंड्या तपासाव्यात. गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल हे जंताचे औषध देऊ नये. सकाळी दव वाळल्यावरच चरायला सोडावे, कारण ओल्या गवताच्या पात्यांवर जंतांची पिल्ले चढून बसलेली असतात.

लसी. आंत्रविषाराची लस पावसाळ्याआधी दरवर्षी द्यावी, आणि प्रथमच देत असल्यास पंधरा दिवसांनी दुसरी मात्राही द्यावी; हा रोग कळपातली उत्तम खाणारी करडे रातोरात नेतो. गाभण शेळीला विण्याआधी तीन-चार आठवडे ती दिल्यास चिकातून करडालाही संरक्षण मिळते. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या विषाणूजन्य रोगाची लस तीन-चार महिन्यांच्या वयात द्यावी. तिचे संरक्षण सुमारे तीन वर्षे टिकते. लस बर्फात आणली नाही तर ती टोचून काही उपयोग नाही. बाजारातून आणलेली शेळी तीन-चार आठवडे वेगळी बांधावी.

गोठ्यावर फार खर्च करू नये. जाहिरातींतले उंच लाकडी मचाण कोकणात ठीक. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कोरडी मुरमाड जमीन, मोठ्या शेळीला छताखाली दहा-बारा चौरस फूट जागा आणि त्याच्या दुप्पट मोकळे आवार पुरते. वाचलेल्या पैशांतून एक टांगता काटा घ्यावा. जंताच्या औषधाची मात्रा त्यावरच ठरते, आणि व्यापारी पाठीवर हात फिरवून बोकडाचे वजन सांगू लागला, की तोच काटा पुढे करता येतो.