साठीनंतर सोबत शोधायची तर

नाशिकमधल्या एका वधूवर सूचक केंद्रात साठीपुढच्यांचं रजिस्टर माझ्याकडे असतं. तरुण मुलांचे फॉर्म भरायला आईबाप येतात. इथे माणूस एकटाच येतो, मांडीवर पिशवी धरून बसतो आणि आधी विचारतो, "नाव बाहेर नाही ना जाणार?" नाही जात. बसा.

फॉर्ममधला खरा अवघड रकाना 'अपेक्षा'. मध्यंतरी एका निवृत्त गृहस्थांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: शाकाहारी, सुगरण, मनमिळाऊ, सेवाभावी. 'सेवाभावी'वर मी बोट ठेवलं. म्हटलं, "काका, गुडघे दुखतात म्हणून ना? त्यासाठी नर्सिंग ब्यूरोतून माणूस मिळतो, लग्न कशाला?" हसले नाहीत, पण शब्द खोडला. जेवणाचे हाल होत असतील तर आधी डबा लावा, नाहीतर पोळ्यांना बाई ठेवा. महिनाभर जाऊ द्या. पोट भरलेलं असूनही संध्याकाळी सातला घर खायला उठत असेल, तर तुम्हाला खरंच माणूस हवंय. मग अपेक्षा नव्याने लिहा. बायकाही कमी नाहीत. 'स्वतःचा फ्लॅट असावा' एवढं लिहून पेन मिटतात. फ्लॅटशी गप्पा मारणार का?

लग्न, लग्नाशिवाय एकत्र राहणं की नुसती सोबत, तेही आधीच ठरवा. 'नुसती सोबत' हा रकाना छापील फॉर्ममध्ये नव्हता, मी पट्टीने आखून घेतला. मे महिन्यात गोदाकाठी वसंत व्याख्यानमालेला शेजारी बसायला कुणी हवं, सार्वजनिक वाचनालयात पुस्तक बदलायला जाताना कुणी हवं, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन फेऱ्या बोलत मारता याव्यात. बस. यात कुणाच्या मुलाबाळांचं काही जात नाही, म्हणून सुरुवात इथूनच करा असं मी सगळ्यांना सांगते.

पहिली भेट दिवसाउजेडी आणि घराबाहेर. मिसळीच्या ठिकाणी रविवारी जाऊ नका; त्या गोंगाटात निम्म्यांना ऐकू येत नाही, मग दोघंही नुसती मान हलवत बसतात. ऐकण्याचं यंत्र असेल तर लावून जा, खिशात ठेवून नको. तासाभरात उठा. दिवंगत जोडीदाराचा विषय निघाला तर निघू द्या, पण पूर्ण तास त्यांचाच होऊ देऊ नका. आणि प्रत्यक्ष भेटण्याआधी फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी पैसे मागितले, कारण कितीही करुण असो, तर स्थळ तिथेच संपलं. पैसे गेले असतील तर लाजत बसू नका, १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच कळवा.

दोन-तीन भेटी बऱ्या गेल्या की पैशाचं बोलायचं. लोकांना हे रुक्ष वाटतं. मला उलट वाटतं. जो माणूस पेन्शन, कर्ज आणि गोळ्यांची डबी समोर ठेवतो, तो बाकीचंही लपवत नाही. एका जोडप्याने आमच्या टेबलावर एकमेकांची औषधांची पाकिटं मांडली होती. दोघांचीही रक्तदाबाची गोळी एकच निघाली, तेव्हा बाई पहिल्यांदा मोकळं हसल्या.

आता कागद. बाईंना ईपीएस-९५ची, म्हणजे नवऱ्याच्या पीएफशी जोडलेल्या पेन्शन योजनेची, विधवा पेन्शन असेल तर पुनर्विवाहानंतर ती बंद होते. लग्न न करता एकत्र राहण्याकडे अनेकांचा ओढा असतो तो यामुळेही. सरकारी कुटुंबनिवृत्तिवेतनाचे केंद्राचे आणि राज्याचे नियम वेगळे, तेव्हा आधी लेखी उत्तर घ्या, कट्ट्यावरच्या माहितीवर जाऊ नका. हिंदू वारसा कायद्यात, मृत्युपत्र नसेल तर दुसरी बायको नवऱ्याच्या मिळकतीत मुलांच्या बरोबरीने वारस ठरते. नुसतं एकत्र राहिल्याने मात्र वारसाहक्क येत नाही. म्हणून दोन्ही बाबतीत मृत्युपत्र कराच. दोन साक्षीदार लागतात, ज्यांना त्यातून काही मिळणार आहे ते नकोत. फ्लॅट मुलांना द्यायचा, पण मागे राहणाऱ्याला त्यात हयातभर राहू द्यायचं, अशी सोय त्यात लिहिता येते. वकिलाकडून शब्द नीट घालून घ्या. नॉमिनी लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

विशेष विवाह कायद्याने (१९५४) लग्न करायचं असेल तर नोटिशीनंतर ३० दिवस थांबावं लागतं आणि तीन साक्षीदार लागतात. नोटीस विवाह नोंदणी कार्यालयात भिंतीवर लावतात. म्हणजे मुलांना सांगायचं राहिलंच असेल तर ती भिंत सांगेल.

तेव्हा मुलांना आधी सांगा. परवानगी मागू नका, कळवा. "आम्ही आहोत ना" म्हणणारी मुलगी रविवारी व्हिडिओ कॉलवर असते, हे तिलाही ठाऊक असतं. सून गप्प झाली तर बहुतेक वेळा प्रश्न फ्लॅटचा असतो. मृत्युपत्राची प्रत दाखवलीत की आवाज परत येतो. त्यापलीकडे कुणी घरातून काढायची भाषा केली किंवा त्रास दिला, तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

भिंतीवरचा हार घातलेला फोटो काढायचा का, हे मला दर वेळी विचारतात. काढू नका. फक्त झोपायच्या खोलीत नको, आणि दुसऱ्या बाजूचाही फोटो आला तर त्यालाही खिळा ठोकून द्या.

नकार द्यायचा झाला तर स्वतः फोन करा. हात जोडलेलं चित्र पाठवून गायब व्हायचं नाही, आणि ते काम माझ्यावरही ढकलायचं नाही. होकार झाला तर मात्र मला जरूर कळवा. संसार थाटून बसलेली मंडळी अजून माझ्या रजिस्टरात 'शोध सुरू' म्हणून पडून आहेत आणि त्यांच्या चौकशीचे फोन मला घ्यावे लागतात.