लॉनला स्प्रिंकलर बसवताय? आधी पाणी मोजा

खारघरच्या आमच्या रो-हाउसमागे 15 बाय 30 फुटांचं लॉन आहे. स्प्रिंकलर बसवायला आलेल्या माणसाने टेप लावून लांबी-रुंदी घेतली, नॉझल मोजली, दर सांगितला. पाणी मात्र मोजलं नाही. "काका, गच्चीवर टाकी आहे ना? मग प्रेशरची काळजीच नको." मीही मान डोलावली. पहिल्या दिवशी कळ फिरवली, तर सहाच्या सहा पॉप-अप, म्हणजे पाण्याच्या दाबाने जमिनीतून वर येणारे फवारे, कासवासारखी अर्धी मान वर काढून गुळगुळत बसले.

हिशेब शाळेतलाच आहे. पाण्याची 10 मीटर उंची म्हणजे साधारण 1 बार दाब. दुमजली घराच्या गच्चीवरची टाकी लॉनपासून फार तर 7 मीटर वर असते, म्हणजे मिळाला 0.7 बार. छोट्या स्प्रे पॉप-अपला 2 बारच्या आसपास लागतो, गोल फिरणाऱ्या रोटरला 3. उरलेला दाब पंपाने द्यायचा, आणि पंप त्या कोटेशनमध्ये नव्हताच. हा पंप टाकीवरच बसवायचा. महापालिकेच्या लाइनला थेट मोटर जोडणं नियमबाह्य आहे. कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

दाबाइतकाच प्रवाह महत्त्वाचा. पंप चालू करा, प्रेशर गेजवर 2 बार दिसेपर्यंत व्हॉल्व्ह आवळा आणि तेवढ्यावर 20 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते बघा. पूर्ण उघड्या नळाखाली बादली धरलीत तर आकडा फसवा येतो, कारण तिथे दाब उरलेलाच नसतो. माझी बादली 50 सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला 24 लिटर. आता मागणी बघा. 15 फूट फेकणारं पाव वर्तुळाचं नॉझल मिनिटाला साडेतीन लिटर घेतं, अर्ध वर्तुळाचं सात. माझे चार कोपरे आणि लांब बाजूंच्या मध्यावरचे दोन मिळून झाले 28. एकाच झोनमध्ये, म्हणजे एका वेळी चालणाऱ्या एकाच गटात, सगळे चालणं शक्यच नव्हतं. दोन झोन करायला अंगण पुन्हा खणलं, आणि तेही माझ्या खर्चाने.

कोटेशन हातात आलं की नॉझलची संख्या नंतर बघा. पंपाचा दाब आणि प्रवाह, झोन किती, फिल्टर कुठला, पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहे का, हे लेखी मागा. ज्याला हे लिहून देता येत नाही, तो चांगला प्लंबर असेलही, पण हे काम त्याचं नव्हे. दुसरी गंमत शेतीच्या तुषार संचाची. गावाकडे शेताला संच बसवणारा ओळखीचा माणूस हौसेने इथेही तोच टकटक करणारा स्प्रिंकलर लावून देतो. तो 10-12 मीटर फेकतो. लॉन राहतं बाजूला, आंघोळ घडते शेजाऱ्यांच्या गाडीला.

नॉझल दूर-दूर लावून दोन-तीन वाचवणं, ही आणखी एक चूक. एकाची धार शेजारच्या नॉझलच्या बुडापर्यंत पोचली पाहिजे, नाहीतर एप्रिलमध्ये मधे पिवळी वर्तुळं दिसतात आणि दोष माळ्याला लागतो. तपासणी सोपी आहे. श्रीखंडाचे एकसारखे रिकामे डबे लॉनवर मांडा, दहा मिनिटं पाणी सोडा आणि पट्टीने मोजा. एका डब्यात दुसऱ्याच्या निम्मं पाणी असेल तर शेवटचा हप्ता हातात ठेवा.

ठाण्यात घोडबंदर रोडकडे टँकरचं पाणी असेल किंवा कुठेही बोअरचं, तर फिल्टरवर पैसे वाचवू नका. गाळ आणि क्षार आधी नॉझलच बुजवतात. खणण्याचा दर ठरवताना खाली मुरूम किंवा कातळ लागला तर जादा किती, हेही आधीच विचारा. खारघरच्या डोंगराकडच्या भागात तो लागतो. चर बुजवण्याआधी पाइपचे फोटो काढून ठेवा. पुढे कुदळ मारताना तेच वाचवतात.

वेळेची चूक मात्र सगळेच करतात. माझ्या लॉनला 5 मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण 210 लिटर. सगळी नॉझलं मिळून मिनिटाला 28 लिटर देतात, म्हणजे प्रत्येक झोनला साडेसात मिनिटं पुरतात. टायमरवर माणूस अर्धा तास लावून गेला होता, रोजचे 840 लिटर! ऐन मे महिन्यात, पाणीकपातीच्या बातम्या येत असताना. पाणी पहाटे द्या. दुपारनंतर खाडीकडून वारा सुटतो आणि फवारा उडून जातो, रात्री ओलं राहिलेलं गवत बुरशीला आमंत्रण देतं.

बसवून झाल्यावरच्या तक्रारींत एकच पॉप-अप वर येत नसेल तर नॉझलखालची जाळी काढून धुवा. पाणी बंद केल्यावर सर्वांत सखल पॉप-अपमधून थेंब गळत राहिले तर लाइन तिथून रिकामी होते आहे; चेक व्हॉल्व्ह असलेला पॉप-अप लावून घ्या. धार न पडता धुकं उडत असेल तर दाब जास्त आहे. पूर्ण झोनच मेला असेल तर आधी टायमरवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या डब्यातले वायरचे जोड बघा. काळी टेप गुंडाळलेला जोड आपल्या पावसात टिकत नाही, ग्रीस भरलेला वॉटरप्रूफ कनेक्टर हवा.

जूनमध्ये टायमर बंद करायचा तो दसऱ्याच्या आसपास उघडायचा. लाइनच्या शेवटी काढता येईल असं टोपण ठेवायला सांगा, म्हणजे चालू करण्यापूर्वी पाइप धुऊन घेता येतो. पहिल्या वर्षी माझ्या लाइनमधून तांब्याभर लाल माती निघाली, आणि तिच्यामागोमाग एक गोगलगाय.