टमी टकला जाण्याआधी घर लावून ठेवा

तारीख घेण्याआधी एक प्रश्न घरात सगळ्यांसमोर विचारा: सहा आठवडे पाण्याची बादली, गॅसचं सिलिंडर आणि धाकटं लेकरू कोण उचलणार? उत्तर "बघू गं" असं आलं, तर तारीख पुढे ढकला. टमी टकमध्ये ओटीपोटावर आडवा लांब छेद घेतात, बाळंतपणात फाकलेले पोटाचे स्नायू टाके घालून जवळ आणतात, जादा कातडी आणि चरबी काढतात आणि बेंबीला नव्या जागी वाट करून देतात. पूर्ण भूल देऊन होणारं, काही तासांचं मोठं ऑपरेशन आहे हे. सर्जनचं काम त्या तासांत उरकतं, घराचं तिथून सुरू होतं. आणि आपल्याकडे बाई चौथ्या दिवशी उभी राहिलेली दिसली की ती बरी झाली असं धरून लाटणं तिच्या हातात देतात.

आधी वेळ योग्य आहे का ते पाहा. हे वजन कमी करायचं ऑपरेशन नाही. वजन निदान सहा महिने एका जागी टिकलेलं हवं, आणखी मूल नको हे ठरलेलं हवं, शेवटच्या बाळंतपणाला सहा महिने ते वर्ष होऊन अंगावरचं दूध सुटलेलं हवं. बेंबीखालचे स्ट्रेच मार्क कातडीबरोबर बरेचसे निघून जातात, वरचे राहतात. ते सर्जनकडून आरशासमोर उभं राहून समजून घ्या.

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी पदवी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. चार दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर कितीही सुंदर दिसो, ते वेगळं. भूल कोण देणार, रात्री काही झालं तर आयसीयू त्याच इमारतीत आहे का, हेही विचारा. खर्चाचा आकडा कागदावर घ्या आणि त्यात १८ टक्के जीएसटी धरलाय का ते बघा, कारण सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला करमाफी नाही. मेडिक्लेमही सहसा मिळत नाही. बेंबीचा हर्निया निघाला तर तेवढ्या भागाचा दावा होऊ शकतो. त्यासाठी सोनोग्राफी आणि विमा कंपनीचं लेखी उत्तर आधी हातात हवं.

तपासण्या नेहमीच्याच: रक्त, साखर, ईसीजी, छातीचा एक्स-रे. हिमोग्लोबिन मात्र महिना-दीड महिना आधीच तपासा. आपल्या बायकांचं ते अनेकदा कमी निघतं आणि लोहाच्या गोळ्यांना काम करायला वेळ लागतो.

आता न सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी. तंबाखू कोणत्याही रूपात निदान चार आठवडे आधी बंद आणि जखम पूर्ण भरेपर्यंत बंद. सिगारेट ओढत नाही म्हणणाऱ्या किती जणी सकाळी दाताला मिश्री लावतात! निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, ताणून शिवलेल्या कातडीला रक्त कमी पडतं आणि तिची कड काळी पडून मरते. सासूबाई समोर बसल्यात म्हणून हे लपवू नका, डॉक्टरांना एकटीने भेटा. गर्भनिरोधक गोळ्या, किंवा घरात पूजा आहे म्हणून घेतलेल्या पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या, यांनी रक्ताच्या गुठळीचा धोका वाढू शकतो. त्या सांगा. पाळी आली म्हणून सहसा ऑपरेशन अडत नाही. अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, व्हिटॅमिन ई, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, काढे, चूर्णं, सगळं एका कागदावर लिहून न्या. काय कधी थांबवायचं ते डॉक्टर सांगतील. हृदयासाठी चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. वजन कमी करायचं, आठवड्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन घेत असाल, तर भूलतज्ज्ञाला ते कळायलाच हवं, कारण त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

मग घर. पहिला आठवडा-दीड आठवडा पाठ ताठ करून चालता येत नाही, कमरेत वाकूनच चालायचं असतं. झोपायचंही तसंच, पाठीमागे उशांचा उतार आणि गुडघ्यांखाली लोड. रिक्लायनर मिळाला तर उत्तम. जमिनीवरची गादी नको, उठताना पोटावर सगळा ताण येतो. उकिडवं बसता येणार नाही, म्हणून घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने आणा. रोजचा चहाचा डबा, औषधं, मोबाईलचा चार्जर कमरेच्या उंचीवर ठेवा. वरच्या फडताळाकडे हात ताणायचा नाही आणि खालच्या ट्रॉलीसाठी वाकायचं नाही. चार-पाच किलोच्या वर काहीही उचलायचं नाही. घरगुती सिलिंडरात नुसता गॅसच १४.२ किलो असतो, आणि भरलेला मोठा कुकरही या हिशेबात बसत नाही. लेकराला कुशीत घ्यायचं तर तुम्ही बसलेल्या असताना दुसऱ्या कोणीतरी आणून शेजारी बसवावं, आणि पोटावर मध्ये उशी हवी.

कपड्यांत पुढून उघडणारे सैल गाऊन तीन-चार. परकराची किंवा सलवारीची नाडी नेमकी जखमेच्या आसपास काचते, तेव्हा साडी काही आठवडे विसरा. पाय सरकवून घालायच्या चपला घ्या. पोटाचा पट्टा साधारण सहा आठवडे लागतो, काही सर्जन त्याहून जास्त सांगतात. पट्टे दोन घ्या, एक धुवायला गेल्यावर दुसरा. आत पातळ सुती बनियन घाला, सुरकुत्या न पाडता. मुंबई-कोकणातल्या मे महिन्याच्या घामात हा पट्टा म्हणजे शिक्षाच, आणि पावसाळ्यात तो वाळत नाही. रजा आपल्या हातात असेल तर थंडीच गाठा.

आदल्या दिवशी जोडवी, बांगड्या, मंगळसूत्र, चमकी, सगळं काढून ठेवा. ऑपरेशनमध्ये विजेच्या उपकरणाने रक्त थांबवतात, अंगावरच्या धातूने भाजण्याचा धोका असतो. घट्ट जोडवी आठवडाभर आधीच साबण लावून सैल करून बघा, थिएटरच्या दारात ओढाताण नको. नेलपेंट पुसा, बोटांच्या टोकांना मेंदी नको. पोटावर घरी रेझर फिरवू नका. सहा तास आधीपासून खाणं बंद, तळलेलं-तुपकट खाल्लं असेल तर आठ. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत, तो खाण्यातच जमा.

घरी येताना बहुधा पोटाला, आत साचणारं पाणी बाहेर काढणाऱ्या एक-दोन नळ्या असतील. रोज ठरलेल्या वेळी किती मिली पाणी जमलं आणि रंग कसा आहे ते वहीत लिहायचं. दिवसाला साधारण ३० मिलीच्या खाली आलं की डॉक्टर नळी काढतात. हे काम करणारं माणूस दवाखान्यातच नर्सकडून शिकून येऊ दे. नातेवाइकांना "हर्नियाचं ऑपरेशन" सांगितलंत तरी माझी हरकत नाही, पण सोबत राहणाऱ्याला खरं माहीत हवं.

त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी चार पावलं टाकायला लावतील. दुखलं तरी टाका, पायांत गुठळी होऊ नये म्हणून ते आहे. एकाच पोटरीला सूज किंवा दुखणं आलं तर त्याच दिवशी दवाखाना. धाप लागली, छातीत दुखलं तर वाट न बघता १०८. ताप, पू, वाढती लाली, पोटाची एक बाजू अचानक फुगणं, कातडीची कड काळी पडणं, यातलं काहीही दिसलं तर सर्जनला फोन, फोटो पाठवून तिष्ठत बसू नका. परदेशातून सुट्टी काढून इथे ऑपरेशनला येणाऱ्यांनी परतीचं तिकीट सर्जनशी बोलूनच काढावं. लांबच्या विमानप्रवासात गुठळीचा धोका वाढतो.

वेदनेच्या गोळ्यांनी शौचाला कडक होतं आणि कुंथणं तर वर्ज्य. इसबगोल, पाणी, पपई हाताशी ठेवा. वरण, अंडी, मासे, पनीर पोटात जायला हवेत, जखम त्यावरच भरते. वाल, छोले, कोबी काही दिवस बाजूला. डिंकाचे लाडू घेऊन येणाऱ्या मावशीला नमस्कार करून डबा मुलांकडे द्या. शिंक-खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरा.

बेंबीखालची कातडी कित्येक महिने बधिर राहते. सूज आहे म्हणून कोणी प्रेमाने गरम पाण्याची पिशवी आणून देईल, ती ठेवू नका. चटका कळत नाही आणि फोड येईपर्यंत पत्ता लागत नाही. हळद, तूप, खोबरेल उघड्या जखमेवर लावायचं नाही. व्रणासाठीची सिलिकॉनची पट्टी किंवा जेल जखम पूर्ण मिटल्यावर, सांगतील तेव्हा.

दुसऱ्या आठवड्यात बहुतेकींना रडू येतं. वाकून चालतोय, पोट सुजलंय, पैसे गेले, कशाला केलं हे, असं वाटतं. घरच्यांना हे आधी सांगून ठेवा, म्हणजे "आम्ही तेव्हाच म्हणालो होतो" ऐकावं लागणार नाही. बैठी नोकरी दोन-तीन आठवड्यांत जमते. स्कूटर आणि आपले खड्डे यांचं मात्र सर्जनला विचारूनच बघा, व्यायामशाळा सहा आठवड्यांनी, पोटाचे व्यायाम त्याहून उशिरा. सूज संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते, आणि पूर्ण जायला सहा महिने ते वर्ष घेते. तोवर जीन्स घेऊ नका आणि मोजमाप देऊन काही शिवायलाही टाकू नका.