निवासी केंद्र सुचवणाऱ्या सल्लागाराला जाब कसा विचारावा

वर्तनाच्या अडचणी असलेल्या किशोरवयीन मुलांसाठी निवासी केंद्र सुचवणाऱ्या सल्लागाराला अमेरिकेत सहसा सरकारी परवाना लागत नाही, म्हणून त्याची झाडाझडती पैसे भरण्यापूर्वी पालकांनीच घ्यावी. केंद्राकडून कमिशन किंवा प्रवासखर्च मिळतो का, नातेवाइकांचे तेथे हितसंबंध आहेत का, हे लेखी विचारावे. ही शंका अनाठायी नाही: अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाच्या २००८ च्या अहवालानुसार, तपासनीसांनी पालक असल्याचे भासवून एका शिफारस सेवेला फोन केले असता प्रत्येक वेळी मिसूरी राज्यातील एकच निवासी शिबिर सुचवले गेले, आणि सेवेचा मालक शिबिराच्या मालकिणीचा नवरा निघाला.

मुलाला न भेटता, त्याच्या डॉक्टरांशी न बोलता केलेली शिफारस सरळ नाकारावी. सल्लागार त्या केंद्रात शेवटचा कधी गेला आणि तेथील मुलांशी एकांतात बोलला का, हे विचारून उत्तर ईमेलवरच घ्यावे. तपासणी अहवाल मात्र राज्याच्या परवाना विभागाकडून स्वतः मागवावेत.

मुलाने छळ सांगितल्यास आधी बालसंरक्षण विभागाला कळवावे. मग तीच ईमेल जोडून सल्लागाराच्या व्यावसायिक संघटनेकडे आणि राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) ग्राहक संरक्षण विभागाकडे तक्रार करावी.