हेडीस काका की मामा? ग्रीक कथेची प्रेमकादंबरी करताना या चुका टाळा

मुलुंडला खिडकीची जागा मिळाली तर दादरपर्यंत माझी दोन प्रकरणं वाचून होतात. हल्ली त्यांत एक उंच, फिक्कट, काळ्या कपड्यांतला पुरुष हमखास असतो. नाव हेडीस, ग्रीक कथांतला मृतांच्या राज्याचा राजा. समोर फुलं तोडणारी पर्सेफनी, जिला तो पळवून नेतो. कधी ग्रीसच्या कुरणात, कधी माटुंग्याच्या कॉलेजात. तो एक भुवई उंचावतो, ती खालचा ओठ चावते, आणि विक्रोळी यायच्या आत पुढचं सगळं मला कळलेलं असतं.

मी संहिता तपासून देते, अधूनमधून कॉलेजच्या मुलांच्या लेखन-कार्यशाळा घेते. ग्रीक कथा या मुलांना इंग्रजी कादंबऱ्यांतून आणि रील्समधून भेटलेल्या असतात. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आपण कर्ण-द्रौपदी पिढ्यान्‌पिढ्या नव्याने लिहीतच आलोय. तक्रार वेगळी आहे. मूळ कथेत दाताखाली खडा येतो तिथेच कादंबरी दडलेली असते, आणि मुलं नेमका तो खडा आधी निवडून फेकतात.

मूळ न वाचणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. पर्सेफनीची कथा सविस्तर सांगणारं सर्वांत जुनं काव्य म्हणजे तिच्या आईचं, धान्यदेवी डीमीटरचं होमरी स्तोत्र, इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातलं. सगळ्या मिळून ४९५ ओळी. ह्यू एव्हलिन-व्हाइट यांनी १९१४ साली केलेला इंग्रजी गद्य अनुवाद नेटवर फुकट मिळतो. ऑफिसला जाता-येता वाचून होईल.

त्यात काय आहे? बाप झ्यूस, देवांचा राजा, आपल्या भावाला, हेडीसला, मुलीचा परस्पर शब्द देऊन बसलाय. आईला पत्ता नाही, मुलीला तर नाहीच. मुलगी एका अप्रतिम नार्सिससच्या फुलाकडे हात नेते, जमीन दुभंगते, रथ वर येतो, आणि ती किंचाळते. ‘जुन्या खऱ्या कथेत ती स्वतःहून गेली होती’ असं रील्सवर ठासून सांगतात. हाताशी असलेल्या या जुन्या काव्यात मात्र ती बापाला हाका मारते आहे. तुमच्या कादंबरीत ती आपल्या पायांनी खाली उतरली तरी चालेल. पण आपण काय बदलतोय हे लिहिणाऱ्याला ठाऊक हवं, नाहीतर बदल बदलासारखा दिसत नाही, अज्ञानासारखा दिसतो.

आता नात्याचं. झ्यूस, हेडीस आणि डीमीटर ही सख्खी भावंडं, क्रोनस आणि रीआची मुलं. म्हणजे हेडीस हा पर्सेफनीचा बापाकडून काका आणि आईकडून मामा. इंग्रजीत ‘अंकल’ म्हणून वेळ निभावते, मराठीत निभत नाही. एका संहितेत डीमीटर हेडीसला म्हणाली, ‘परक्या माणसा, माझ्या मुलीपासून दूर राहा!’ अहो, पाठचा भाऊ आहे तो तिचा.

गंमत अशी की स्तोत्राने हे झाकलेलंच नाही. काय झालं ते सूर्यदेव हीलिओस डीमीटरला सांगतो आणि वर समजूत घालतो की जावई काही वाईट नाही, तुझाच भाऊ आहे, तुझ्याच रक्ताचा. आपल्याकडच्या बैठकीत एखादे काका पानाला चुना लावता लावता म्हणतील ना, ‘घरचंच स्थळ आहे, वहिनी’, अगदी तसं. हे एक वाक्य घेऊन अख्खं प्रकरण उभं राहील. नातं नको असेल तर पहिल्याच प्रकरणात वंशावळ बदला आणि मोकळे व्हा. ठेवायचं असेल तर त्याची बोच पानावर येऊ द्या. नातं ठेवून गप्प बसलात तर वाचक दोन मिनिटांत गूगल करतो.

भुवया, श्वास आणि ‘तुम्ही’

‘मी श्वास रोखून धरला होता हे मला श्वास सोडल्यावरच कळलं.’ हे वाक्य मी इतक्या संहितांत वाचलंय की आता मीच श्वास सोडते. ते इंग्रजी तरुण-कादंबऱ्यांतलं झिजलेलं वाक्य आहे, त्याला नुसती मराठी विभक्ती लावलीय. तसंच ‘त्याचे डोळे गडद झाले’. मोतीबिंदू झाला का? मराठी माणसाच्या पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, कानशिलं तापतात, हातातला डबा उगाच उघडझाप होतो. हे सगळं आपल्याकडे आयतं असताना उसनं कशाला आणायचं?

त्याहून मोठी गोष्ट मुलांच्या ध्यानातच येत नाही. इंग्रजीत ‘यू’ एकच. मराठीत अहो-जाहो आहे आणि अरे-तुरे आहे, आणि त्या दोघांमधल्या अंतरात ‘स्लो बर्न’, म्हणजे हळूहळू पेटणारं प्रेम, आपोआप मावतो. पहिल्या रात्री ती विचारेल, ‘मला इथे का आणलंत?’ तो पाताळाचा राजा, वयाने थोर, ती धास्तावलेली. ‘तुम्ही’ स्वाभाविक आहे. पुढे शंभर पानांनी, तो मृतांच्या रांगा आटपून थकून येतो आणि ती मान वर न करता विचारते, ‘जेवलास?’ बास. एका ‘लास’ने काम केलं. तिथे चुंबन घालायचीही गरज नाही. हाती येणाऱ्या संहितांत मात्र ती पहिल्या ओळीपासून ‘तू’ म्हणते, किंवा एकाच पानावर दोनदा ‘तुम्ही’ आणि तीनदा ‘तू’. हस्तलिखित पुरं झालं की फक्त एवढ्यासाठी एक वाचन करा. प्रत्येक संवादाच्या समासात ‘तुम्ही’ किंवा ‘तू’ असं टिपत जा आणि उडी नेमकी कुठे पडते ते बघा.

क्रियापदाचं लिंगही तसंच. ग्रीक वीर अकिलीसला ट्रॉयच्या युद्धापासून वाचवायला त्याच्या आईने त्याला मुलीच्या वेशात स्कायरॉस बेटावर, राजा लायकोमिडीसच्या मुलींमध्ये लपवलं होतं. ओडिसियसने भेटवस्तूंमध्ये शस्त्रं ठेवून त्याला उघडं पाडलं. मराठीत शस्त्रांपर्यंत जावंच लागणार नाही. राजकन्येशी रात्री गप्पा मारताना बेसावधपणे ‘मी घाबरलो’ एवढं निघालं की संपलं. हा प्रसंग इंग्रजीत असा लिहिताच येत नाही, तरी तो अजून कुणी लिहून आणलेला नाही. वाट बघतेय.

नरक, वैतरणी आणि हुतात्मा चौक

वर मी ‘पाताळ’ लिहून गेले, सवयीने. खरं तर तेही नेमकं नाही. आपलं पाताळ नागांचं आणि बळीचं, मेलेल्यांचं नव्हे. पण ‘नरक’ लिहिण्याची चूक त्याहून वाईट. हेडीसच्या राज्यात पापी-पुण्यवान सगळेच जातात. तो यमासारखा न्यायही करत नाही, ते काम मायनॉस, राडामँथस आणि ईअ‍ॅकस यांच्याकडे. तिथल्या स्टिक्स नदीला ‘वैतरणी’ म्हणायचा मोह होतो, पण वैतरणी रक्तापुवाची, गाईचं शेपूट धरून ओलांडायची. स्टिक्सची देव शपथ घेतात. शिवाय मुंबईकराला त्या नावाने आधी मोडकसागर आठवणार. ‘मृतांचं राज्य’ असं साधं लिहा आणि पुढे चला.

नावांची खिचडी नको. प्रेमदेव इरॉस ग्रीक, क्युपिड रोमन. हेराक्लीस ग्रीक, हर्क्युलीस रोमन. एक संच निवडा आणि शेवटपर्यंत पाळा. पर्सेफनी लिहा, ‘पर्सेफोन’ नको. आणि ‘हेलनचं पॅरिसवर प्रेम जडलं’ या वाक्यात निम्म्या वाचकांना आयफेल टॉवर दिसतो, तेव्हा पहिल्यांदा ‘राजपुत्र पॅरिस’ म्हणा.

रोमन म्हटलं की फ्लोरा फाउंटन. हुतात्मा चौकातलं १८६४ सालचं ते कारंजं आपण इतक्यांदा ओलांडलंय की वर उभी कोण आहे हे मान वर करून कुणी बघत नाही. फ्लोरा ही रोमन फुलदेवी. कवी ओव्हिडच्या एका काव्यात ती स्वतःची कहाणी सांगते: मी मूळची क्लोरिस, ग्रीक अप्सरा, वाऱ्याने, झेफिरसने, मला जबरदस्तीने नेलं, मग लग्न केलं, आणि या संसाराबद्दल माझी काही तक्रार नाही. ‘काही तक्रार नाही’ असं सांगणाऱ्या किती बायका तुम्ही ऐकल्यात? त्या वाक्यावर विश्वास ठेवून लिहिलेली कादंबरी एक, न ठेवता लिहिलेली दुसरी. नायिका थेट हुतात्मा चौकात उभी आहे आणि मुलं मात्र ग्रीक देवांच्या ऑलिंपस पर्वतावरून खाली उतरायला तयार नाहीत.

मुंबईत कथा आणणाऱ्यांनी ऋतूही तपासा. मुलगी खाली गेली की डीमीटर रुसते आणि हिवाळ्यात सगळं उजाड होतं, हे डिसेंबरच्या मुंबईत घडवलंत तर हसू येईल. तेव्हा आपल्याकडे लोक स्वेटर काढून पहाटे फिरायला निघतात. आपली जमीन वैशाखात भेगाळते. इथली पर्सेफनी मृगाच्या सरीबरोबर माहेरी येईल. गौरी तीन दिवसांसाठी येतात, ही जास्त राहते, इतकाच फरक.

दोन रुक्ष गोष्टी इथेच उरकते. एक, वय. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालची व्यक्ती बालक आहे. ‘ती हजारो वर्षांची देवी आहे’ ही पळवाट संपादकाच्या टेबलावर टिकत नाही. नायिका अकरावी-बारावीतली नको, एफवायच्या पुढची ठेवा. दोन, मालकी. प्राचीन कथा सर्वांच्या आहेत; आजच्या लेखकाने त्यात घातलेलं पात्र किंवा वळण त्याचं आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क टिकतो. एखादा तपशील कुठल्याच जुन्या ग्रंथात सापडला नाही, तर तो बहुधा कुणाच्या तरी कादंबरीतून तुमच्या डोक्यात आलाय.

मधली शंभर पानं लोंबतात तेव्हा

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. नायिका खाली पोचली, राजवाडा बघून झाला, तीन डोक्यांचा कुत्रा लाडावून झाला, आता काय? लोंबण्याचं कारण बहुतेक वेळा डीमीटर असते. तिला मुलीला कोंडून ठेवणारी कजाग आई करून टाकली की वरच्या जगात काही घडायचंच राहत नाही.

स्तोत्रात अर्ध्याहून जास्त जागा तिची आहे. हातात मशाली घेऊन ती नऊ दिवस अन्नपाण्यावाचून भटकते. मग म्हातारीचं रूप घेऊन एल्युसिस गावी विहिरीपाशी बसते, एका घरी तान्ह्या मुलाला सांभाळायला राहते, त्याला अमर करण्यासाठी रात्री गुपचूप विस्तवात धरते. बाळाची आई ते बघते आणि किंचाळते. आपली मुलगी गेलेली बाई दुसऱ्याच्या लेकराला आगीत धरते, याहून मोठा प्रसंग तुमच्या राजवाड्यात आहे का? एक प्रकरण खाली, एक वर, असं आळीपाळीने लिहून बघा. शेवटी झ्यूस मनधरणीला कुणाला पाठवतो? रीआला, म्हणजे आजीला. मराठी घरात याहून वेगळं काय होतं?

अपहरण काही केल्या पचतच नसेल, तर ही कथा सोडून क्युपिडच्या बायकोची, सायकीची कथा घ्या. दुसऱ्या शतकातल्या अपुलियसच्या लॅटिन गद्यातली. अंधारात येणारा नवरा, दिव्याच्या तेलाचा थेंब, आणि गहू, जव, खसखस, हरभरे, मसूर एकत्र ढीग करून ‘संध्याकाळपर्यंत निवड’ म्हणणारी सासू व्हीनस. सूप कुठे मिळतं एवढंच विचारायचं बाकी.

डाळिंब

आता खरा खडा. मृतांच्या राज्यात काही खाल्लं की दरवर्षी काही काळ तिथे परतावं लागतं, आणि पर्सेफनीने तिथे डाळिंब चाखलंय. दाणे चार की सहा यावर मुलं तास घालवतात. ओव्हिडने सात मोजलेत, स्तोत्रात एकच आहे. आकडा हवा तो ठेवा. बघायचं ते पुढे आहे.

मुलगी परत येते. डीमीटर धावते, मिठी मारते आणि मिठीतच तिला शंका येते. ती विचारते: बाळ, खाली असताना काही खाल्लंस का? जगातल्या कुठल्याही मराठी आईचा पहिला प्रश्न, फक्त इथे उत्तरावर सगळं लटकलेलं. मुलगी म्हणते, आई, मी तुला सगळं खरं सांगते. आणि सांगते की त्याने लपवून दाणा दिला आणि मनाविरुद्ध, बळजबरीने चाखायला लावला. पण थोडंच आधी कवीने तोच प्रसंग सांगितलाय, त्यात लपवून देणं आहे, बळजबरी नाही.

‘बळजबरी’ हा शब्द तिच्या तोंडी कुठून आला? खरंच झाली आणि कवीने सांगितली नाही? की भूक लागली होती, गोड लागलं, आणि आईच्या डोळ्यांकडे बघून ते सांगता आलं नाही? दोन्ही वाचनं शक्य आहेत, आणि दोन्हींतला पुरुष वेगळा आहे. लिहायला बसण्याआधी हे ठरवा, कारण तुमचा हेडीस प्रेम करण्याजोगा आहे की नाही ते इथे ठरतं, त्याच्या भुवईवर नाही.

कार्यशाळेतल्या एका मुलीला मी हे दोन उतारे शेजारी शेजारी ठेवून दिले होते. तिच्या पहिल्या खर्ड्यात शेवट समुद्रकिनारी सूर्यास्ताला होता. दुसऱ्यात स्वयंपाकघर आहे. आई पोळ्या लाटते आहे, पाठमोरी. विचारते, ‘तिथे काही खाल्लंस?’ मुलगी म्हणते, ‘नाही गं.’ आणि ओट्यावरच्या वाटीत सोललेले डाळिंबाचे दाणे आहेत, त्यांना ती हात लावत नाही. आई लाटणं थांबवत नाही, पण वाटी उचलून आत ठेवून देते.